डावखुरा अंतराळवीर

वर्षातून एकच दिवस असा येतो की सोलापूरच्या आमच्या जुन्या साखर पेठेत स्वतःचा श्वास ऐकू येतो. नारळी पौर्णिमा. त्या दिवशी पद्मशाली समाजाचे माग बंद असतात, मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि एरवी दिवसभर चालणारा खटखटाट एकाएकी नाहीसा होतो. मी आता होटगी रस्त्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहते. इथं मागांचा आवाजच येत नाही, तर तो थांबल्याचं कुठून कळणार? तरी श्रावणातल्या त्या सकाळी मला शांततेनंच जाग येते. मी घर बदललं, पण कान बहुधा साखर पेठेतच राहून गेले.

यंदाही तसंच झालं. खिडकीशी चहा घेऊन बसले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, मधूनच एखादा ढग, आणि ऊन असून नसल्यासारखं. असं आभाळ दिसलं की मला हटकून दोन माणसं आठवतात. गोल काचेची टोपरी घातलेली, एक तांबडा आणि एक निळा. दोघं एका चादरीवर आमनेसामने उभे आहेत आणि एकमेकांचा हात काही केल्या सोडत नाहीत.

ती चादर माझ्या ताईनं काढलेली. पंचाहत्तर सालच्या श्रावणातली.

तेव्हा आम्ही मल्लय्यामामांच्या घरात भाड्यानं राहायचो. पुढच्या भागात त्यांचे चादरींचे माग, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. घरमालक तेलुगू, आम्ही माढ्याकडून आलेले मराठी, आणि समोरच्या घरात कानडी. दादा गिरणीत कामाला होते. आई घरी बसून मल्लय्यामामांसाठी कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जे सूत बसतं ते छोट्या कांडीवर गुंडाळायचं काम. चरख्याची घरघर, खळीचा आंबूस वास, केसांत, डाळीत, अंथरुणात सगळीकडे उडालेली सुताची पिंजर. मागांमुळे, ताई सोडली तर, सगळ्यांनाच मोठ्यानं बोलायची सवय होती. आमच्या गल्लीत गुपित राहायचंच नाही, कारण हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही.

आमच्या घरात मात्र एक गुपित होतं. सुमनताई डावखुरी होती.

आज हसू येईल. तेव्हा आई ते जिवापाड लपवायची. आदल्या वर्षी माढ्याकडचं एक स्थळ आलं होतं. ताईनं मुलाच्या मावशीपुढं सुपारीचं तबक धरलं ते डाव्या हातानं. बाईंनी तबकाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि सुपारी घेतलीच नाही. नंतर निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर कुणी मागितलीच नव्हती! तेव्हापासून आईनं ताईच्या उजव्या मनगटाला तांबड्या सुताचा दोरा बांधला. काहीही द्यायचं-घ्यायचं झालं की आधी दोरा बघायचा. "त्यो हात न्हाय गं माजे आई, ह्यो हात," हे वाक्य आमच्या घरात चरख्याइतकंच नेमानं ऐकू यायचं.

ताई प्रयत्न करायची. उजव्या हातानं जेवायची, केर काढायची, देवाला फूल वाहायची. फक्त चित्र त्या हातानं यायचं नाही. तिचा डावा हात कागदावर आला की शहाणा व्हायचा आणि उजव्या हातात पेन्सिल दिली की ती पहिलीतली पोर व्हायची. आईला भीती होती की हा हात सुटला नाही तर पोरीचं लग्न व्हायचं नाही. ताईला भीती होती की तो सुटला तर आपल्यापाशी काही उरायचं नाही. दोघींच्या भीती एकाच चुलीपाशी बसून भाकरी थापायच्या आणि एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत.

मी चौदा वर्षांची होते आणि मला वेड होतं आभाळाचं. म्हणजे खरं तर वर्तमानपत्राचं, पण त्यात त्या वर्षी आभाळच जास्त होतं. रशियानं आधी कुत्री वर पाठवली, मग माणूस, मग बाई. अमेरिकेनं मग थेट चंद्रावर माणसं उतरवली. या जुन्या-नव्या गोष्टी आई कांड्या भरत असताना मी तिला वाचून दाखवायची. गल्लीत सरळ दोन तट होते. मामांच्या मागांवरचे विणकर लाल बावट्याचे, त्यामुळे रशियाचे. दादांना त्यांच्या जॉबरनं, म्हणजे गिरणीतल्या मुकादमानं, अमेरिकेच्या चंद्रयानाचं रंगीत चित्र दिलं होतं, त्यामुळे ते अमेरिकेचे. आई कुणाचीच नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी तिनं थापल्या होत्या. ज्या जिल्ह्यात मालदांडीची पांढरीशुभ्र ज्वारी पिकते तिथल्या बाईला ते दुःख विसरणं शक्य नव्हतं. "ज्यांस्नी धड जुंदळा पिकवता येत न्हाय ती चंद्रावर जाऊन काय दिवं लावनार?" असं ती म्हणायची. आणि रशियाचं नाव काढलं की, "त्या मुक्या जनावराला वर सोडून आली न्हवं? मग त्यांचं नावच काडू नगंस."

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ताई आणि मी माळवदावर जायचो. दिवसभर तापलेल्या मातीची ऊब पाठीला लागायची. खालून मागांची धडधड माळवदातून अंगात यायची, आणि वर आभाळ एकदम निवांत. कधी कधी एखादी चांदणी चालताना दिसायची. न लुकलुकता, न घाई करता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. ती म्हणजे उपग्रह असतो हे मी वाचलं होतं. ती कोणाची हे मात्र तिच्याकडे पाहून कळायचं नाही. मी ओरडायची, "रशिया!" ताई म्हणायची, "कशावरनं?" आणि मग डावा हात वर करून बोटानं तिच्या मागोमाग रेघ ओढायची. तिथं, त्या अर्ध्या उजेडात, तिला दोरा बघावा लागत नसे.

त्या उन्हाळ्यात आपलाही पहिला उपग्रह वर गेला होता, तोही रशियाच्या भूमीवरून. आणि श्रावण लागायच्या सुमारास सीमेपलीकडे विजापूरकडच्या खेड्यांत अमेरिकेच्या उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. मंद्रूपच्या बाजारातून परतलेला एक सूतवाला सांगायचा की तिकडं चावडीपुढं सगळं गाव बसतंय आणि डब्यातला माणूस कानडीत बोलतोय. आमच्या सोलापुरात अजून टीव्ही यायचा होता आणि खेड्यांत मात्र आभाळातून येत होता. आपलं लेकरू रशियाच्या कडेवर आणि आपला टीव्ही अमेरिकेच्या हातात, असं दादा म्हणायचे. दोन श्रीमंत घरांच्या भांडणात शेजाऱ्याच्या पोरांना खाऊ मिळावा तशी ती वर्षं होती.

आणि त्याच्या थोडं आधी, आषाढातच, बातमी आली होती. अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयुझ वर आभाळात एकमेकांना जोडलं गेलं आणि दोन्हीकडच्या माणसांनी दारातच हात मिळवले. फोटो धुरकट होता. पण मी तो आईला दाखवला तेव्हा तिनं चरखा थांबवला. चरखा थांबणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. "मिटलं व्हय त्यांचं?" ती म्हणाली. "बरं झालं. मिटावंच की."

त्या भेटीबद्दल मी पुढं कितीतरी वाचत राहिले. दोन्ही यानांतली हवा वेगवेगळी होती, म्हणून मध्ये एक लहानशी खोली जोडावी लागली. एका घरातून निघायचं, त्या खोलीत थांबायचं, हवा अंगवळणी पाडायची आणि मगच दुसऱ्या घरात पाऊल टाकायचं. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकून घेतली होती. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जोडणीची कडी. अशा जोडणीत एरवी एक बाजू आत शिरणारी असते आणि दुसरी तिला घेणारी. इथं घेणारी बाजू व्हायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंना अगदी एकसारखी कडी केली. मुलीकडचे आणि मुलाकडचे असा भेदच ठेवला नाही. हे वाचलं तेव्हा मी पोटभर हसले आणि मग उगाचच डोळे भरून आले.

मल्लय्यामामा ताईला चौकटीच्या कागदावर नक्षी भरायला द्यायचे. त्यांच्या नक्षीकाराची नजर आताशा लवकर थकायची. ताईनं कधीपासून त्यांच्या मागं लकडा लावला होता, एक चादर माझ्या मनची विणा. त्या बातमीनंतर ती तो फोटो घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आता काय नवीन काढू लालीस गं?" मामांनी विचारलं.

"हे. थंडीत लई खपंल बघा मामा."

मामांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "पोरगी आकाशात गेली की," ते म्हणाले. "बरं, काढ. एक नमुना विणू. लोक हसले तर तुझी चादर, नाही हसले तर माझी."

जॅकार्डच्या चादरीची एक रीत असते. चित्र पुरतं काढायचं नाही, अर्धंच काढायचं. कागदावरचं एकेक घर रंगवायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि ते पत्ते मागावर चढवले की उरलेलं अर्धं माग स्वतःच उलटं करून विणतो. पत्तेही निम्मे लागतात आणि डोळेही. एक मोर काढायचा, चादरीवर समोरासमोर दोन उभे राहतात. मोराला हात नसतात, म्हणून इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

ताईनं निळा माणूस काढला. आई कांड्या पोचवायला पुढं गेली की ती डाव्या हातात पेन्सिल घ्यायची आणि आईची पावलं वाजली की कागद गुंडाळायची. त्या दिवसांत ती इतकी सुंदर दिसायची! गालावर पेन्सिलीचा काळा डाग, ओठ किंचित उघडे, नजर कागदावर आणि कागदाच्या पलीकडेही. निळ्या माणसानं उजवा हात पुढं केला होता. समोरचा तांबडा माणूस ताईनं काढलाच नाही. तो मागानं काढायचा होता.

चादर उतरली तेव्हा सगळी गल्ली जमली. ताणा, म्हणजे उभे धागे, अर्धा तांबडा, अर्धा निळा. दोन माणसं, डोक्याभोवती काचेचे गोल, मध्ये चांदण्या. तेवढ्यात एक विणकर म्हणाला, "मालक, आपला रशियावाला डाव्या हातानं शेकहॅण्ड करू लालाय की!"

झालं. निळ्याचा उजवा हात उलटून तांबड्याचा डावा झाला होता. लाल बावट्याच्या मंडळींना हा सरळ अपमान वाटला. दादांना मनातून आनंद झाला. कुणी म्हणालं पुरं चित्र काढा, पण त्याला पत्ते दुप्पट लागणार. कुणी म्हणालं हातच काढून टाका, नुसते उभे करा. मामा हसून हसून खोकले, पण तशी चादर काही त्यांनी पुन्हा मागावर चढवली नाही. नमुन्याची घडी करून ती ताईच्या हातात दिली. "तुझी," म्हणाले. हातात घेताना ताई दोरा बघायला विसरली, तिनं ती डाव्या हातानं घेतली, आणि मामांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी ताई माळवदावर नुसती पडून राहिली. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर आभाळाकडे बघत हसत होती. "मी तर साधा मानूस काडला हुता," ती म्हणाली. "मागानंच त्याला डावखुरा केला बघ."

नारळी पौर्णिमेला वैरागचं स्थळ बघायला आलं. मुलगा, त्याची आई आणि एक काका. रथ बघायचा आणि मुलगीही, अशा बेतानं. माग बंद. गल्ली इतकी शांत की कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी हंड्यात पडताना ऐकू येत होतं. आईनं सकाळीच दोरा घट्ट केला होता, इतका की मनगटावर वळ उठला. आणि पाहुण्यांना बसायला घरातली सगळ्यात नवी चादर अंथरली. चादरीवरून गल्लीत झालेली हमरीतुमरी तिच्या कानावर होती, पण तो हाताचा घोटाळा तिनं नीट पाहिलाच नव्हता. तिच्या लेखी ती डोक्यावर घागर घेतलेली दोन माणसं होती.

मुलाची आई उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर ठसठशीत कुंकू. बसल्या बसल्या तिनं चादरीवरून हात फिरवला. विणीवर बोट नेता नेता ती मधोमध थांबली.

"ही मानसं कोन गं पोरी?" तिनं मला विचारलं.

"अंतराळवीर हायत. निळा अमेरिकेचा, तांबडा रशियाचा."

"व्हय? भांडान हुतं की त्यांचं."

"मिटलं आता."

"आन मग ह्या तांबड्यानं डावा हात का म्हनून दिलाय?"

रोजच्यासारखे माग चालू असते तर हा प्रश्न त्या आवाजात विरून गेला असता. त्या दिवशी तो खोलीभर पसरला. ताई तेवढ्यात चहाचं ताट घेऊन आली होती. उजव्या हातात धरलेल्या ताटातली कपबशी किणकिणत होती. आई पुढं झाली. "माग चुकला हो त्यो," ती घाईघाईनं म्हणाली. "नमुन्याची चादर हाय. चुकलेली."

ताई उभीच होती. आयुष्यात कधी तिला मोठ्यानं बोलता आलं नाही, आणि त्या दिवशी मोठ्यानं बोलायची गरजही नव्हती.

"माग न्हाय चुकला आई," ती म्हणाली. "त्यो डावखुरा हाय. माज्यावानी. ही चादर मीच काडलीय, डाव्या हातानं."

मी आईकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही. माझं सगळं लक्ष त्या बाईंच्या हाताकडे होतं, कारण तो हात चादरीवरच राहिला होता. मग त्या म्हणाल्या, "उटा रं जरा." मुलगा उठला, काका उठले, त्या स्वतः उठल्या. मला वाटलं निघाले. पण बाजारात चादर घेताना बायका करतात तसंच त्यांनी केलं. दोन कोपरे धरले आणि चादर उलटी करून पुन्हा अंथरली.

सोलापुरी चादरीच्या दोन्ही बाजू सुलट असतात. उलटीकडे रंगातलं पांढऱ्यात आणि पांढऱ्यातलं रंगात, एवढाच फरक. इतक्या दिवसांत गल्लीतल्या एकालाही ती उलटून बघायचं सुचलं नव्हतं; मला नाही, ताईलाही नाही. त्या बाई कमरेवर हात ठेवून वाकून बघत राहिल्या.

"हितनं बघितलं तर ह्यो निळा डावखुरा झालाय की," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. तांबड्याचा हात उजवा झाला होता आणि निळ्याचा डावा. त्या परत बसल्या, या खेपेला निळ्याच्या अंगाला. मुलगाही बसला, आणि पहिल्यांदाच त्यानं मान वर करून ताईकडे पाहिलं.

"चा गार हुतुया," बाई ताईला म्हणाल्या. "असा थरथर हात कशापायी? ज्या हातानं सांडत न्हाय, त्या हातानं दे की."

ताईनं ताट खाली ठेवलं. दोरा बांधलेला हात मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं कपबशी उचलली. बाईंनी उजवा हात पुढं केला. बशी जराही किणकिणली नाही. दोघींच्या मध्ये ती चादर होती आणि चादरीवर ती दोघं, अगदी तशीच. एकीचा डावा, एकीचा उजवा, समोरासमोर, सरळ. त्या क्षणी लांबून रथाच्या वाजंत्रीचा आवाज यायला लागला. आई आत गेली आणि तिनं चुलीपुढं बसून पदरानं डोळे पुसले. दुःखानं की कशानं, ते तेव्हाही कळलं नाही आणि पुढं मी कधी विचारलंही नाही.

तुळशीच्या लग्नानंतर ताई वैरागला गेली. चादर बरोबर नेली. मग कित्येक वर्षं एस.टी.तून मल्लय्यामामांच्या नावानं चौकटीच्या कागदाची गुंडाळी यायची. मोर, हत्ती, कमळं, सगळी अर्धी. माणूस तिनं पुन्हा काढला नाही. पुढं दोन्ही देश परत एकमेकांवर डोळे वटारायला लागले, मग त्यातला एक देश नकाशावरून त्या नावानं उरलाच नाही, आणि आमच्या गल्लीतले लाल-निळे तटही कुठं विरले कोण जाणे. वर आभाळात आता इतक्या चालत्या चांदण्या असतात की कुणाची कोणती हे विचारायचंही कुणाला सुचत नाही.

यंदाच्या पौर्णिमेला त्या शांततेत मी ताईला फोन लावला. बोलता बोलता सासूबाईंचा विषय निघाला. शेवटच्या आजारात त्यांचे हात उचलत नव्हते, तेव्हाचं ती सांगत होती. पहिल्या दिवशी ताईनं सवयीनं उजव्या हातानं घास धरला, तर तो वाटेतच सांडला. म्हातारीनं तोंड मिटून घेतलं, मान हलवली आणि डोळ्यांनीच तिच्या डाव्या हाताकडे खूण केली.

"त्या हातानं दिल्यावरच जेवल्या," ताई म्हणाली. "शेवटपतुर."